दसरा झाला की गळ काढा: उजनीच्या फुगवट्यावर घरच्यांसोबत मासे धरायला जायचं असेल तर

परतीचा पाऊस उघडला, ज्वारीच्या पेरण्या उरकत आल्या आणि पाण्यातला गाळ खाली बसायला लागला की आमच्या घरात एकच विषय चालू होतो, यंदा गळ टाकायला कधी निघायचं. आजोबांचं गाव भीमेच्या काठचं. १९८० च्या सुमारास उजनी धरण पुरं झालं आणि गाव फुगवट्यात, म्हणजे धरणामागे साठलेल्या पाण्याखाली गेलं, म्हणजे आम्ही जिथे तंगूस (गळाचा नायलॉनचा दोरा) सोडून बसतो तिथे खाली कुठेतरी आमचंच रान आहे. आजी शेवटपर्यंत काठावर बसून हाताने दाखवायची, तिथे विहीर होती, तिथे चिंच होती. म्हणून आमच्यासाठी ही नुसती पिकनिक नसते, आणि तुम्ही पहिल्यांदा जाणार असाल तर तुम्हालाही तो दिवस नीट मिळावा म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय.

आधी शिकारीचं बोलून घेऊ, कारण दर वर्षी ग्रुपमधला कुणीतरी विचारतोच की मासे तर झाले, जोडीला ससा नाहीतर तितर मिळेल का. नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि ससा, तितर, लावरी, रानबदक, घोरपड, रानडुक्कर यातलं काहीही हौसेसाठी मारणं गुन्हा आहे, मग तुमच्याकडे बंदूक असो, फासे असोत नाहीतर कुत्री. पहिल्या परिशिष्टातला, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षण असलेल्या यादीतला प्राणी असेल तर ३ वर्षांपासून ७ वर्षांपर्यंत कैद आहे, आणि आपल्या नद्यांतली मऊ पाठीची कासवंही त्यात येतात, त्यामुळे गळाला कासव लागलं तर फोटोबिटो न काढता हळूच सोडवून पाण्यात सोडायचं. आमचे आजोबा त्यांच्या तरुणपणी शिकारीला जायचे, त्या गोष्टी आम्ही तोंडात बोट घालून ऐकल्यात. पण त्या गोष्टींत मजा बंदुकीची नव्हतीच हो. मजा होती अंधारात उठण्याची, भाकरी बांधून घेऊन चालत जाण्याची, चार माणसांनी गप्प बसून एकाच गोष्टीची वाट बघण्याची. ते सगळं गळ टाकण्यात जसंच्या तसं मिळतं.

आता हाच हंगाम का. रोहू, कटला, मृगळ हे मासे पावसाळ्यात, नवीन पाणी आलं की अंडी घालतात. जून ते ऑगस्ट पोटात गाभोळी असलेली मादी धरली तर एका माशाबरोबर पुढची हजारो पिल्लं गेली, म्हणून पावसाळ्यात आम्ही गळ माळ्यावरच ठेवतो. सप्टेंबरात पाणी गढूळ असतं आणि धरणातून विसर्ग चालू असू शकतो. ऑक्टोबरच्या मधल्या आठवड्यापासून नोव्हेंबर संपेपर्यंत मात्र पाणी निवळलेलं, धरण बहुतेक वर्षी भरलेलं, मासा पावसाळाभर खाऊन दांडगा झालेला आणि थंडीने अजून सुस्तावलेला नसतो. दिवाळीच्या सुट्ट्या पण यातच येतात, म्हणजे पोरांना शाळा बुडवायला नको.

जागा ठरवण्याआधी परवानगी. हे सगळ्यात कंटाळवाणं काम आहे आणि नवीन माणसं नेमकं हेच टाळतात. धरण सरकारचं असलं तरी बऱ्याच धरणांत मासेमारीचा हक्क ठेक्याने मच्छीमार सहकारी संस्थेकडे दिलेला असतो, त्या लोकांनी पैसे घालून मत्स्यबीज सोडलेलं असतं, आणि त्यांचं घर त्यावर चालतं. म्हणून आदल्या दिवशी नाहीतर पोचल्या पोचल्या काठावरच्या मच्छीमारांना भेटायचं, गळाने चार मासे धरायचे आहेत, चालेल का, काही पावती लागते का असं सरळ विचारायचं. आम्हाला आजवर कुणी वाकडं बोललेलं नाही, उलट "दादा तिथं नका बसू, हिकडं या, हिथं चिलापी लागतीय" असं सांगणारेच भेटले (चिलापी म्हणजे तिलापिया मासा). ज्याच्या रानातून काठावर जाणार त्या शेतकऱ्यालाही विचारा आणि गाडी त्याच्या पाइपलाइनवर लावू नका. अभयारण्याच्या हद्दीत मात्र गळ घेऊन जायचंच नाही. जायकवाडीचा नाथसागर पक्षी अभयारण्य आहे, नांदूरमध्यमेश्वर तर २०२० मध्ये महाराष्ट्रातली पहिली रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा झाली, तिथे दुर्बीण घेऊन जा. मुंबईकरांना लांब येणं जमत नसेल तर पवई तलावावर गळकऱ्यांची जुनी संघटना आहे, सभासदत्वाचे नियम तिथे जाऊन विचारता येतील. पण त्या तलावात मगरी आहेत एवढं लक्षात ठेवा.

मगरींचं निघालंच आहे तर सांगतो, सांगली भागात कृष्णेत, भिलवडी-औदुंबरच्या बाजूला, आणि कोकणात महाडच्या सावित्रीत, चिपळूणच्या वाशिष्ठीत मगरी आहेत. तिकडे गळ टाकायचा तर पाण्याच्या कडेला उकिडवं बसायचं नाही, माशाचं पोट काठावर धुवायचं नाही आणि पोरांना पाण्यात पाय सोडून बसू द्यायचं नाही. नवीन माणसाने तर अशी जागा सोडूनच द्यावी.

सामान. दुकानात गेलात की दुकानदार तुम्हाला पाच हजाराचा रॉड दाखवेल. पहिल्या वर्षी काही गरज नाही. पोरांसाठी आठ-दहा फुटाची सरळ, वाळलेली बांबूची काठी, तिच्या शेंड्याला काठीएवढाच तंगूस, एक तरंडी (पाण्यावर तरंगणारी, मासा लागल्याची खूण देणारी), एक छोटं शिसं आणि एक बारीक गळ, बस. एवढ्यावर चिलापी भरपूर लागते. मोठ्यांपैकी एकाला लांब टाकायची हौस असेल तर सात-आठ फुटी साधा फायबरचा रॉड, स्पिनिंग रील आणि ०.३० ते ०.३५ मिलिमीटरचा तंगूस घ्यावा. गळ ४ ते ८ नंबरचे घ्या, आकडा वाढत गेला की गळ बारीक होतो हे दुकानात ध्यानात ठेवा नाहीतर नेमकं उलटं घेऊन याल. तरंडीला ज्वारीच्या ताटाचा किंवा थर्माकोलचा तुकडा पण चालतो, आम्ही लहानपणी तेच वापरलं, फक्त थर्माकोल पाण्यात सोडून यायचा नाही. शिवाय पक्कड, कात्री, हातजाळी, जुना टॉवेल, बर्फाचा डबा, टोप्या, पिण्याचं पाणी घरूनच भरपूर (फुगवट्याचं पाणी प्यायचं नाही, वर पुण्यापासूनचं सगळं सांडपाणी त्यातच येतं) आणि प्रत्येक पोरासाठी मापाचं लाइफ जॅकेट. लाइफ जॅकेट नसेल तर पोरांना नेऊ नका, इतकं साधं आहे.

एक काम घरीच करून टाका. गळाच्या टोकाजवळ उलटा काटा असतो ना, तो पक्कडीने दाबून सपाट करा. त्याने मासा थोडा जास्त सुटतो खरा, पण छोटा मासा न फाटता परत सोडता येतो आणि गळ पोराच्या बोटात घुसला तर सहज निघतो. उलटा काटा असलेला गळ बोटात रुतला तर ओढायचा नाही, तंगूस कापायचा आणि तसंच डॉक्टरकडे जायचं, धनुर्वाताचं इंजेक्शन पण घ्यायचं.

गाठ सगळ्यांनी शिकून घ्या, पोरांनी पण. तंगुसाचं टोक गळाच्या नेढ्यातून ओवायचं, मग ते टोक मूळ तंगुसाभोवती पाच-सहा वेळा गुंडाळायचं, नेढ्याजवळ जो पहिला फासा तयार झाला त्यातून टोक काढायचं, थुंकीने ओलं करायचं आणि सावकाश आवळायचं. ओलं न करता आवळलं की तंगूस घासून गरम होतो आणि मोठा मासा लागला की नेमका तिथेच तुटतो. आदल्या रात्री टीव्ही बंद करून सगळ्यांनी गोल बसून दहा-दहा गाठी मारायच्या, आमच्याकडे आता हा कार्यक्रमच झालाय, धाकटी पुतणी सगळ्यात पटकन मारते.

आमिष दोन प्रकारचं ठेवा. एक गांडूळ, आमच्याकडे दानवं म्हणतात, शेणखताच्या उकिरड्याच्या कडेला ओल्या मातीत मिळतात, डब्यात त्याच मातीसकट ठेवायची आणि डबा उन्हात ठेवायचा नाही. दुसरं कणकेचं, कणीक, शेंगदाण्याच्या पेंडीचा चुरा, थोडा गूळ आणि चिमूटभर हळद असं एकत्र घट्ट मळायचं, पाण्यात दहा मिनिटं तरी विरघळता कामा नये. घट्टपणा तपासायला आधी एका पातेल्यात गोळी टाकून बघा. गांडुळाला चिलापी, शिंगटा, वाम लागतात, पेंडीला रोहू, मृगळ. कटला बराचसा वरच्या थरात खातो, रोहू मधल्या, मृगळ तळाला, त्यामुळे तरंडी वरखाली सरकवून खोली बदलत राहायची. अर्धा तास काहीच लागलं नाही तर जागा बदलण्याआधी खोली बदला, नवीन लोक हे करतच नाहीत आणि पाण्यात मासेच नाहीत म्हणून मोकळे होतात.

चिलापी मूळची आपली नाही, १९५२ मध्ये आफ्रिकेकडची ही जात भारतात आणली आणि आता उजनी म्हटलं की लोकांना आधी चिलापीच आठवते, भिगवणच्या हायवेवरच्या हॉटेलांच्या पाट्या बघा. ती इथल्या माशांच्या तोंडचा घास आणि जागा दोन्ही घेते, म्हणून नवीन माणसाने चिलापीच धरावी असं माझं मत आहे, लागते पण पटापट आणि पोरांचा उत्साह टिकतो. पण जिवंत चिलापी बादलीत घालून आपल्या गावच्या तळ्यात नेऊन सोडायची नाही, कितीही मोह झाला तरी.

याउलट महाशीर. मोठ्या खवल्यांचा, सोनेरी झाक असलेला हा मासा सह्याद्रीतल्या नद्यांचा मान आहे, १८३९ मध्ये साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने त्याची शास्त्रात नोंद केली ती आपल्या पुण्याच्या मुळा-मुठेतल्या माशावरून. आज मुळा-मुठेची काय अवस्था आहे ते पुण्यातल्यांना सांगायला नको. महाडजवळ वाळण कोंडीत देवीचे मासे म्हणून लोकांनी त्यांना राखलंय, लोणावळ्याला वळवणला त्यांची पैदास करून पिल्लं सोडली जातात. तेव्हा सह्याद्रीकडच्या धरणावर किंवा नदीत गळाला महाशीर आला तर पाण्यातच ठेवून गळ काढा आणि जाऊ द्या.

निघायचं पहाटे. पुण्याहून भिगवण शंभरेक किलोमीटर आहे, साडेतीन-चारला निघालात तर तांबडं फुटायच्या आत काठावर असता. सहा ते दहा आणि संध्याकाळी चार ते अंधार पडेपर्यंत, मासा लागतो तो याच वेळात, मधल्या वेळात ऑक्टोबरचं ऊन डोकं फोडतं आणि मासा पण खोल जातो. कुंभारगाव, डिकसळ, पळसदेव या बाजूला काठ उतरता आहे. काठ बघताना तीन गोष्टी बघायच्या. पहिली, गाळ. वरून वाळलेला दिसतो आणि पाय टाकला की गुडघ्यापर्यंत आत, म्हणून पुढे काठी टोचत चालायचं आणि मुरमाड नाहीतर खडकाळ जागाच धरायची. दुसरी, मोटारी. काठाने शेतकऱ्यांच्या पाण्याच्या मोटारी आणि त्यांच्या केबली पडलेल्या असतात, तिथे गळ टाकायचा नाही, आणि गळ केबलीत अडकलाच तर हिसका न देता तंगूस कापून टाकायचा, पाण्यात उतरून सोडवायला तर अजिबात जायचं नाही. तिसरी, मागे ऊस किती जवळ आहे. उसात बिबट्या असू शकतो, म्हणून पोरांना एकटं शी-शूला उसाकडे पाठवायचं नाही आणि अंधार पडायच्या आत सगळ्यांनी गाडीशी यायचं.

आता गळ टाकणं. पोरांना आधी मोकळ्या रानात नुसतं शिसं बांधून फेकायची सवय करा. फेकण्याआधी मागे बघायचं आणि "टाकतोय" असं मोठ्याने म्हणायचं, हा आमच्याकडे नियम आहे आणि मोठे पण पाळतात. दोन माणसांत दोन काठ्यांचं तरी अंतर ठेवा. गळ पडला की तंगूस थोडा ताणून घ्यायचा आणि मग गप्प. जमिनीवर धपधप पाय आपटले तर माशाला पाण्यात कळतं, बोलण्यापेक्षा पावलांचा त्रास जास्त होतो.

तरंडी हलली की नवीन माणूस लगेच हिसका मारतो आणि आमिष घेऊन मासा पसार. चिलापी आधी टुचटुच करते, तरंडी नाचते, तेव्हा थांबायचं. तरंडी तिरकी होऊन एका बाजूला चालायला लागली किंवा सरळ आत गेली की मनगटाने हलकासा झटका, खांद्याने नाही. रोहू लागला तर काठी एकदम वाकते आणि तो तंगूस घेऊन धावतो, त्याला धावू द्या. रीलचा ड्रॅग आधीच असा लावून ठेवायचा की हाताने जोरात ओढल्यावर तंगूस सुटत यावा. तो थांबला की आपण गुंडाळायचं, तो पळाला की आपण थांबायचं, काठी मात्र कायम तिरकी वर. जवळ आला की हातजाळी आधी पाण्यात बुडवून धरायची आणि माशाला तोंडाकडून तिच्यावर आणायचं, जाळीने माशाच्या मागे धावायचं नाही. पहिल्यांदा मासा लागला तेव्हा आमच्या मेव्हण्यांचे हात थरथरत होते, पन्नाशीचा माणूस, पोरासारखा ओरडत होता, सगळे त्यांच्याभोवती गोळा झालो होतो.

मासा हातात घेण्याआधी हात ओले करा. कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि सोडलेला मासा पुढे आजारी पडून मरतो. तळहातापेक्षा छोटा मासा परत. ज्या मरळीसोबत पिल्लांचा लालसर थवा दिसतो तिला हात लावायचा नाही, मरळ पिल्लं राखते आणि ती गेली की बाकीचे मासे तो थवा तासाभरात खाऊन टाकतात. शिंगट्याला धरताना जपून, त्याच्या पाठीवर आणि दोन्ही बाजूंना टोकदार काटे असतात. माझ्या भाच्याला एकदा लागला होता, अंगठा टम्म सुजला आणि बिचारा दुपारभर रडला. असं झालं तर जखम धुवून सोसवेल इतक्या गरम पाण्यात अर्धा तास हात बुडवून ठेवायचा, पाणी आधी मोठ्या माणसाने स्वतःच्या हाताने बघायचं, आणि नंतर डॉक्टर. वाम पण पाठीवरच्या काट्यांनी कापते, टॉवेलने धरा.

गरज नसेल तर बोटीत बसू नका. बसलात तर जॅकेट घातल्याशिवाय पाय ठेवायचा नाही, वारा सुटलेला असेल तर कितीही पैसे भरलेले असोत, उतरायचं. २०२४ च्या मे महिन्यात कळाशी आणि कुगावच्या मध्ये वादळी वाऱ्यात बोट उलटून ६ जणांचा जीव गेला, त्यात लहान मुलं होती. आणि परतीचा पाऊस गेला म्हणता म्हणता दुपारी ढग भरून येतात. पहिला गडगडाट ऐकला की रॉड खाली टाकून गाडीत जाऊन बसायचं, कार्बनचा रॉड हातात धरून मोकळ्या काठावर उभं राहणं म्हणजे विजेला बोलावणं आहे. धरणाच्या खालच्या बाजूला नदीपात्रात तर कधीच बसू नका, दरवाजे उघडले की पाणी बघता बघता वाढतं. काही लोक जिलेटीन फोडून किंवा पाण्यात औषध टाकून मासे मारतात, त्याला १८९७ च्या मत्स्य कायद्यापासून बंदी आहे, असं कुठे दिसलं तर तिथले मासे घेऊ नका आणि मच्छीमारांना जाऊन सांगा.

दुपारी गळ बंद, मासे साफ करणं आणि जेवण. मासा धरल्या धरल्या बर्फात गेला पाहिजे, वजनाला जेवढा मासा तेवढा बर्फ. खवले शेपटीकडून डोक्याकडे खरवडायचे, कल्ले काढायचे, पोट वरवर चिरायचं, सुरी खोल गेली की पित्त फुटतं आणि सगळा मासा कडू होतो. चिलापीच्या पोटात आतून काळा पापुद्रा असतो, तो पूर्ण घासून काढा, चिखलाचा वास बराचसा तिथलाच. मग मीठ, हळद आणि चिंचेचं पाणी लावून पंधरा मिनिटं ठेवायचं. आमची आई सुकं खोबरं आणि कांदा भाजून वाटते, घरचा कांदा-लसूण मसाला, लसूण-कोथिंबीर ठेचून, आणि कालवण उकळायला लागलं की मगच तुकड्या सोडते, त्यानंतर पळीने ढवळायचं नाही, पातेलं धरून हलवायचं. सोबत ज्वारीची नाहीतर बाजरीची भाकरी. रोहू-कटल्यात बारीक दुफाट्याचे काटे फार, म्हणून लहानांना मरळ किंवा चिलापीचा पाठीकडचा तुकडा द्यायचा, आणि खाताना बोलायचं नाही. चूल पेटवायची तर वारा उसाकडे वाहत नाही ना बघून, तीन बाजूंनी दगड लावून, आणि निघताना बादलीभर पाणी ओतून राखेत हात घालून बघायचं. ऊस पेटला तर एका कुटुंबाचं वर्ष जातं. साधा गॅसचा छोटा शेगडी-सेट नेला तर जास्त बरं.

जेवणं झाली की मोठी माणसं लवंडतात, तेव्हा पोरांना दुर्बीण द्या. नोव्हेंबरात चक्रवाक यायला लागतात, चित्रबलाक दिसतात, पुढे थंडीत पाणी उतरायला लागलं की रोहित (फ्लेमिंगो) येतात, गुलाबी रांगच्या रांग. आमची पोरं आता एक वही ठेवतात, डाव्या पानावर मासे, उजव्या पानावर पक्षी.

निघताना तंगुसाचा एक एक तुकडा शोधून गोळा करायचा, हे काम पोरांना द्या, त्यांचे डोळे बारीक असतात. काठावर पडलेल्या तंगुसात बगळ्याचे पाय गुंतून तो तिथेच उपाशी मरतो, मी स्वतः असा एक कापून सोडवलाय, पायाला खोल काप गेले होते आणि तो धड उडू शकला नाही. आम्ही तुकडे पाण्याच्या रिकाम्या बाटलीत भरतो, दुसऱ्यांचे सापडले तर ते पण. ज्या मच्छीमारदादांनी सकाळी जागा दाखवली त्यांच्याकडून किलो-दोन किलो मासा विकत घ्यायचा, आपल्याला मिळाला असो वा नसो. घरी आल्यावर रील गोड्या पाण्याने पुसून, गळ कोरडे करून वर तेलाचं बोट फिरवायचं, उरलेली दानवं कुंडीत सोडायची, आणि वहीत तारीख, जागा, किती खोलीवर काय आमिषाला काय लागलं ते त्याच रात्री लिहून ठेवायचं, दुसऱ्या दिवशी निम्मं विसरायला होतं.